छोट्या नाट्यगृहातले लुगडे

दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका जुन्या विनोदी मालिकेचे संगीत विडंबन करायचे, त्यातल्या सगळ्या बायका पुरुष नटांनी उभ्या करायच्या आणि प्रयोग शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या जागेत लावायचा, असा बेत सोलापुरातल्या आमच्या हौशी मंडळींनी आखला, तेव्हा पहिला अडथळा पैशांचाही आला नाही आणि नटांचाही आला नाही. ज्या सभागृहाकडे आम्ही तारीख मागितली, तेथे संहिता हातात न घेताच ‘असले प्रकार आपल्याकडे नकोत’ असे तोंडी सांगण्यात आले. हौशी रंगभूमीवर काम करणाऱ्याला नकाराची सवय असते, तो पचवता येतो. त्या वाक्यातला ‘आपल्याकडे’ हा शब्द मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्या शहरात शाहीर राम जोशी यांनी लावण्या रचल्या, ज्या जिल्ह्यात मोडनिंबच्या कलाकेंद्रांची ढोलकी ऐकू येते आणि अकलूजला लावणीच्या स्पर्धा भरत आल्या, ज्याच्या एका हाताला पंढरपूर आणि दुसऱ्या हाताला तुळजापूर आहे, त्या मुलखात पुरुषाने लुगडे नेसून लोकांसमोर येणे परके कसे ठरते?

माझी भूमिका आधीच सांगतो. पुरुषाने स्त्रीवेष घ्यावा की नाही, हा वाद मराठी रंगभूमीपुरता केव्हाच मिटलेला आहे. वाद घालण्याजोगी गोष्ट त्याच्या पुढची आहे : लुगडे नेसल्यावर नट काय करतो आणि समोरचा प्रेक्षक नेमका कशाला हसतो. स्त्रीवेष हाच विनोद आहे असे मानणारा प्रयोग आणि त्या वेषातून एक माणूस उभे करू पाहणारा प्रयोग हे वरवर सारखे दिसले, तरी एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे असतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगाला सोलापुरात जागा मिळाली पाहिजे, आणि तो खरोखर दुसऱ्या प्रकारचा आहे की नाही याचा निवाडा छोट्या नाट्यगृहातच होऊ शकतो.

पुरुषाने स्त्रीवेषात रंगमंचावर येण्याच्या ज्या खेळाला अमेरिकेत ‘ड्रॅग’ म्हणतात, तो प्रकार तेथील लहान नाट्यगृहांत चांगला रुजलेला आहे आणि त्यातही जुन्या विनोदी मालिकांचे विडंबन फार प्रिय आहे. त्यासाठी पुन्हा पुन्हा निवडली गेलेली मालिका म्हणजे ‘द गोल्डन गर्ल्स’. सुसान हॅरिस यांची ही निर्मिती एनबीसी वाहिनीवर १९८५ ते १९९२ या काळात सात पर्वे चालली. मायामी शहरातल्या एका घरात चार उतारवयाच्या बायका एकत्र राहतात. त्यांपैकी तिघी एकमेकींच्या नात्यागोत्यातल्या नाहीत, चौथी त्यांच्यातल्या एकीची आई आहे. झोप लागत नाही अशा रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून त्या नवरा, मुले, आजारपण, पैसा आणि एकटेपणा यांविषयी बोलतात आणि एकमेकींना बोलतात. चारही अभिनेत्रींना एमी पुरस्कार मिळाले. या चौघींना पुरुष नटांनी रंगमंचावर आणणे आता तेथे नवलाचे उरलेले नाही. एक सोफा, एक टेबल, चार विग, खांद्यांत भरणा घातलेली जाकिटे आणि मधूनमधून गाणी, एवढ्या सामानावर प्रयोग उभा राहतो.

नेमकी हीच मालिका का, याचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. रक्ताच्या नात्यांनी घराबाहेर काढलेल्या किंवा मनाने तोडलेल्या अनेकांना त्या घरात आपले घर दिसले. जन्माने मिळालेले नाही, तर निवडून बांधलेले असे ते घर होते. एड्सच्या साथीने मित्रांमागून मित्र जात होते आणि शेजारी दार लावून घेत होते, त्या काळात, १९९० साली, या मालिकेने आपल्या सर्वांत निरागस पात्राला एचआयव्हीच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसवले होते, हे त्या लोकांनी विसरावे तरी कसे? आणखी एक गोष्ट आहे. आईची भूमिका करणाऱ्या एस्टेल गेटी या पडद्यावरच्या आपल्या लेकीपेक्षा, म्हणजे बी आर्थर यांच्यापेक्षा, प्रत्यक्षात वर्षभराने लहान होत्या. वृद्धत्व त्यांनी रंगभूषेने आणि पाठीच्या बाकाने आणले होते. त्याआधी रंगभूमीवर त्यांचे नाव झाले ते स्त्रीवेषात गाणाऱ्या एका तरुणाच्या आईच्या भूमिकेमुळे. म्हणजे मूळ मालिकेतच एक सोंग होते, आणि ते इतक्या मनापासून वठवलेले होते की प्रेक्षकांनी त्या बाईंना आजी मानले. स्त्रीवेषातल्या नटांनी तोच धागा पुढे ओढला.

सोंग हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण तो आपला आहे आणि त्याला मान आहे. एकनाथांच्या भारुडात सासरच्या माणसांनी गांजलेली सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते, आणि ते सोंग घेऊन उभा राहणारा गडी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच असे. वारीच्या मुक्कामावर लहानपणी मी ते पाहिले आहे. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कपाळभर कुंकू, आवाज मुळीच बारीक न केलेला असा एक शेतकरी सुनेचे गाऱ्हाणे सांगत होता आणि समोर बसलेल्या बायका डोळ्यांत पाणी येईतो हसत होत्या. त्या त्याला हसत नव्हत्या. सासूला हसत होत्या, जाऊबाईला हसत होत्या, आणि स्वतःच्या तोंडून जे कधी निघाले नसते ते कोणीतरी मोठ्याने म्हणत आहे याचा आनंद घेत होत्या. तमाशाच्या गवळणीतली मावशीही बहुधा पुरुषच. डोक्यावर पदर घेतलेली ही म्हातारी कृष्णाची वाट अडवते, उलटतपासणी घेते, आणि देवाला जे कोणी विचारू धजत नाही ते विचारते. त्या पदरामुळेच तिला तो अधिकार मिळतो.

बालगंधर्वांचे उदाहरण सगळे देतात, पण ते येथे जपून द्यावे लागेल. नारायणराव राजहंस स्त्री म्हणून रंगमंचावर आले ते अशा काळात, जेव्हा घरंदाज स्त्रीला रंगमंचावर पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची नथ बायकांनी उचलली, इतकी ती कला परिपूर्ण होती. परंतु तिच्यामागे एक सक्ती होती आणि ती सक्ती स्त्रियांवरच्या बंदीतून आलेली होती. ड्रॅगमध्ये सक्ती नाही. तेथे नट पुरुष आहे हे प्रेक्षकाला विसरायला लावायचे नसते. दोन्ही एकाच वेळी दिसत राहावेत आणि त्या दोहोंमधल्या जागेत काहीतरी उमजावे, असा तो खेळ आहे. म्हणून त्याचे जवळचे नाते ‘मानापमान’ नाटकातल्या गंधर्वांच्या भामिनीशी कमी आणि गवळणीतल्या मावशीशी अधिक आहे.

विडंबन आणि स्त्रीवेष या दोन्ही गोष्टी मराठीत एकाच लेखकाने वैभवाला नेल्या, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आचार्य अत्रे यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या संग्रहाने आपल्या काळातल्या कवींचे विडंबन केले आणि पुढे ब्रॅण्डन थॉमस यांच्या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ लिहिले. विजय चव्हाण यांनी ती मावशी आपल्या पिढीसाठी कायमची करून ठेवली. परदेशातले रोप आपल्याकडे रुजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या मावशीत परकेपणाचा एक तरी कण दाखवून द्यावा.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो आणि तो मला मनापासून मान्य आहे. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष दिसला की त्याने कंबर हलवायची, ओठांचा चंबू करायचा, पाहुण्या नटाच्या अंगचटीला जायचे, आणि कोणीतरी त्याच्या रंगावर किंवा आकारावर शेरा मारायचा, हा ठरलेला पाठ झाला आहे. त्यात बाई कोठेच नसते. पुरुषांना जी बाई कुरूप, जाड किंवा पुरुषवेडी वाटते तिची टवाळी तेवढी असते. काम करणाऱ्या नटांपैकी काही जण विलक्षण गुणी आहेत, म्हणून तर ते पाहताना अधिक वाईट वाटते. एखादी मुलगी आपल्या आईशेजारी बसून हे पाहते आणि आईच्या वयाच्या, आईच्या बांध्याच्या बाईवर घरभर हसू उसळते, तेव्हा त्या मुलीने काय शिकावे? आमचे विडंबन याच वाटेने जाणार असेल, तर सभागृहाने दिलेला नकार योग्य होता असे मी म्हणेन.

आमच्या तालमीत हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. एक चांगला तरुण नट चालून दाखवत होता, आणि सवयीने त्याने कंबर हलवली. सगळे हसले. कपडेपट सांभाळणाऱ्या आमच्या मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘बाळा, बाई अशी चालत नाही. पुरुषाला बाई अशी चालताना दिसते.’ त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढचे तीन आठवडे तो मुलगा आपल्या आईच्या पायांकडे पाहत राहिला. दिवसभर मांडी घालून बसलेली बाई उठताना आधी एक हात जमिनीला टेकते, मग दुसरा गुडघ्यावर ठेवते, आणि उभी राहिल्यावर पहिली दोन पावले लंगडत टाकते, हे त्याने आणले. त्या चालीला कोणी हसले नाही, आणि त्यामुळे पुढच्या वाक्याला सगळे हसले.

त्याची आई विड्या वळते. सोलापुरातल्या हजारो घरांप्रमाणे त्या घराचाही बराचसा भार त्या कामावर आहे. आमचे नाटक म्हणूनच मायामीत घडत नाही आणि पुण्याच्या वाड्यातही घडत नाही. चार म्हाताऱ्या एका घरकुलात राहतात : एक तेलुगू बोलणारी, विणकरांच्या पद्मशाली समाजातली, एक कानडी, एक दख्खनी बोलणारी मुसलमान आणि एक मराठी. या शहरात ही रचना कल्पनेची कसरत नाही. गिरण्यांनी आणि मागांनी ही माणसे एका गल्लीत आणून बसवली आणि गिरण्या बंद पडल्या तरी ती तेथेच राहिली. विडंबनासाठी घेतलेले साचे सगळे जुन्या मालिकांचे आहेत : दारातून आत येताच टाळ्या घेणारे पात्र, प्रत्येक भागात तेच तेच बोलणारा शेजारी, अर्ध्या तासात मिटणारे भांडण. त्या साच्यात विडी वळणारी बाई बसवली की साचाच तडकतो, कारण तिचे भांडण अर्ध्या तासात मिटत नाही. तिने वळलेल्या विड्या कारखान्याने छाटून परत केल्या की तिची मजुरी जाते आणि त्यावर कोणताही शेजारी येऊन विनोद करू शकत नाही. विडंबनाचे खरे काम मला हे वाटते. जे आपण इतकी वर्षे गोड मानून पाहिले त्यात कोण बसत नव्हते, हे त्याच गोड चालीवर दाखवून द्यायचे.

पण नेमका येथेच धोकाही मोठा आहे. पांढरपेशा नट विडी कामगार बाईचे सोंग घेतो, तेव्हा त्याच्या हातून लुगड्याची आणि गरिबीची अशी दुहेरी थट्टा होऊ शकते. त्यावर मला एकच कसोटी सुचते. पहिल्या रांगेत विडी वळणाऱ्या बायका बसवाव्यात. तेंदूचे पान भिजवून कात्रीने मापात कापण्याची, चिमूटभर तंबाखू पसरण्याची, गुंडाळून तोंड दुमडण्याची आणि दोरा बांधण्याची ती हालचाल नटाच्या बोटांत खरी उतरली आहे की नाही, हे त्यांना एका क्षणात कळेल. त्या हसल्या तर मागच्यांनी हसावे.

दुसरा आक्षेप तृतीयपंथी आणि जोगते यांच्या वतीने घेतला जातो, कधी खऱ्या कळकळीने आणि कधी नुसता ढाल म्हणून. यल्लम्माच्या नावाने लुगडे नेसणारा जोगता या सीमाभागातल्या प्रत्येक गावाला परिचित आहे. त्याचे लुगडे सोंग नाही, ते त्याचे जगणे आहे. प्रयोग संपल्यावर ते उतरवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या नालसा खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला, तो या जगण्याचा अधिकार आहे. नटाचे सोंग आणि त्यांचे जगणे यांची गल्लत रंगमंचावरून होता कामा नये. तशी गल्लत समाज मात्र नेहमी करत आला. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटात वर्षानुवर्षे नाच्या उभा केला, आणि पडद्यावरच्या त्या भूमिकेची किंमत त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पडद्याबाहेर मोजावी लागली. सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडलेल्या अतुल कुलकर्णी यांनी ‘नटरंग’मध्ये अशाच एका नाच्याची परवड पडद्यावर आणली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. ती हळहळ खरी असेल, तर लुगडे नेसलेल्या नटाला सभागृह नाकारताना ती आठवली पाहिजे.

विडंबनाच्या हक्काविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण ‘दुसऱ्याचे उचलता’ हा आरोपही आमच्यावर झाला. अमेरिकेत याचा निकाल लागलेला आहे. ‘थ्रीज कंपनी’ या १९७७ ते १९८४ मधल्या मालिकेत घरमालकाने राहू द्यावे म्हणून एक तरुण आपण समलिंगी असल्याचे सोंग करतो. (भाड्याच्या खोलीसाठी बायकोचे सोंग घेणारे ‘अशी ही बनवाबनवी’तले दोघे मराठी वाचकाला येथे आठवतीलच.) त्या मालिकेवर डेव्हिड अजमी यांनी एक बोचरे विडंबन नाटक लिहिले, ते २०१२ साली न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात झाले, आणि मालिकेच्या हक्कदार कंपनीच्या नोटिशीमुळे पुढे त्याचे प्रकाशन व प्रयोग अडले. २०१५ मध्ये न्यायालयाने ते नाटक न्याय्य वापरात, म्हणजे हक्कदाराच्या परवानगीशिवाय करता येणाऱ्या वापरात, बसते असा निर्णय दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात टीका आणि समीक्षा यांसाठी मोकळीक आहे, विडंबनाचा नावानिशी उल्लेख नाही. तरीही केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला संरक्षण दिले, कारण मूळ नाटकाचे तुकडे त्यांनी त्याच नाटकाशी वाद घालण्यासाठी घेतले होते. हा निकाल मराठी नाटकवाल्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. चिमणरावांचेच पाहा. त्यांचे लेखक चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कथा साठ वर्षांची मुदत संपून २०२४ पासून सर्वांच्या झाल्या आहेत. पण त्यांवर १९७७ च्या सुमारास दूरदर्शनने केलेली मालिका, ज्यात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी घराघरांत पोहोचवली, तिचे हक्क अजून दहाएक वर्षे तरी टिकतील. विडंबनकाराने हा फरक जाणून घेतला, तर त्याला चोरपावलांनी वावरावे लागणार नाही.

मोठी अडचण प्रयोगपूर्व परवानगीची आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी द्यावी लागते, आणि अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १८७६ चा ब्रिटिशकालीन नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला, तरी ही पद्धत उरली आहे. तत्त्वाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून मी केवळ उपयोगाचा प्रश्न विचारतो. ‘(पदर खोचत) चहा टाकते’ एवढेच संहितेत असते. ते नटाने कसे केले यावर ते एखाद्या आजीचे स्मरण ठरेल की एखाद्या बाईचा अपमान ठरेल, हे अवलंबून आहे, आणि ते कागद वाचून कोणाला कळणार? ज्याची परीक्षा अंगविक्षेपात आहे त्याची परवानगी कागदावर मागण्याला अर्थ नाही. अमेरिकेतही या बाबतीत सगळे आलबेल आहे असे नाही. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये सार्वजनिक जागी अशा वेषांतर प्रयोगांवर निर्बंध आणणारा कायदा केला. त्याविरुद्ध न्यायालयात गेली ती मेम्फिसमधली एक लहान नाट्यसंस्था. त्याच वर्षी तो कायदा घटनाबाह्य ठरवला गेला, पण २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने, दाद मागण्याचा अधिकारच या संस्थेला पोहोचत नाही असे म्हणून, तो निर्णय फिरवला. लहान संस्थेला मोठ्या प्रश्नासाठी किती दूर जावे लागते, ते यावरून दिसते.

मी लहान जागेचा आग्रह धरतो तो केवळ भाडे परवडत नाही म्हणून नाही. हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे म्हणून नट नकळत मोठे करत जातो. कंबर अधिक हलते, आवाज अधिक चिरका होतो, आणि ठरलेला पाठ परत येतो. चार हातांवर प्रेक्षक असेल, तर रंगाखालची दाढीची निळसर छटा त्याला दिसते, कानाच्या पाळीवर दाबून बसवलेले कर्णफूल दिसते, आणि नट थांबला तर ते थांबणेही दिसते. तेथे खोटे खपत नाही. हसणारा प्रेक्षकही तेथे लपू शकत नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाई गप्प आहे हे त्याला कळते. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र सोलापुरात भरते, दरवर्षी नवी मुले धडपडत नाटके बसवतात, आणि स्पर्धा संपली की त्या नाटकांना दुसरा प्रयोग मिळत नाही, कारण शंभर माणसांसाठी मोठ्या सभागृहाचे भाडे कोणी भरू शकत नाही. महापालिकेच्या शाळांचे कितीतरी वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतला एक, काळे पडदे, बारा दिवे आणि हलवता येणाऱ्या शंभर खुर्च्या यांच्यासह, नाममात्र भाड्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी नाटकवाल्यांना मिळावा, आणि भाडे ठरवताना नटाने काय नेसले आहे हे विचारले जाऊ नये, एवढे महापालिकेला करता येण्याजोगे आहे.

तोपर्यंत आमची तालीम एका यंत्रमागाच्या बंद शेडमध्ये चालते. माग भंगारात गेले आहेत, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिले आहेत, आणि नऊवारीत चालताना त्यांना ठेच लागू नये म्हणून आम्ही त्यांवर जुन्या चादरींच्या घड्या टाकल्या आहेत. त्या मुलाची आई परवा पहिल्यांदा तालमीला आली. हात टेकून उठताना तिच्या लेकाने तिच्याकडे पाहिले आणि पहिली दोन पावले लंगडत टाकली, तेव्हा ती हसली नाही. तिने त्याला जवळ बोलावले आणि पदर डाव्या खांद्यावरून घेऊन कमरेला कसा खोचायचा, म्हणजे वाकल्यावर तो सुपात पडत नाही, ते पुन्हा एकदा करून दाखवले.